अर्ध्या सुतानं कमी

आप्पांनी नळीचं टोक उकळत्या पाण्यात बुडवलं, डोळे मिटून थोडं थांबले आणि मोहसीनला म्हणाले, “आता बघ. एकदा चढली की तुझ्या नातवानं ओढली तरी निघायची न्हाई.”

मोहसीनचं तेव्हा लग्नसुद्धा व्हायचं होतं. तरी त्यानं नातवाच्या वतीनं मान डोलावली.

काउंटरवर त्याचा कॉम्प्युटर एका अंगाची काच काढून आडवा झोपवलेला होता. सांगलीच्या गणपती पेठेतल्या आमच्या होज-क्लिपच्या दुकानात तोवर फवारणीचे पंप, ट्रॅक्टरचे रेडिएटर, म्हशींची धार काढायची यंत्रं असे नाना पेशंट येऊन गेले होते. कॉम्प्युटर पहिल्यांदाच आला होता. आप्पा मात्र बुजले नाहीत. आत गारव्यासाठी पाणी फिरतं म्हटल्यावर त्यांच्या लेखी तो कॉम्प्युटर राहिलाच नव्हता. छोटा रेडिएटर, छोटा पंप, पंपाला चिकटलेली छोटी टाकी आणि मध्ये नळ्या. नळी आली की तिथे आप्पांचं राज्य सुरू व्हायचं.

माझे वडील शिवलिंगाप्पा कोरे. पेठेत लहानथोर त्यांना आप्पाच म्हणत. दुकानात माल बेताचा. बायपासवर नवं शोरूम झालं होतं, तिथे काचेची कपाटं, एसी आणि इंग्रजीत माप सांगणारी पोरं होती. आमच्याकडे फक्त आप्पांचा शब्द होता. खेड्यातला माणूस ते शोरूम ओलांडून आमच्याकडे यायचा तो एवढ्यासाठीच की, आप्पा नळीच्या तोंडात अंगठा घालणार, पिळून बघणार आणि म्हणणार, “ही ने.” पुढे त्याला काही विचारायचं नसायचं. माझी आई, आव्वा, म्हणायची, “ह्यांच्या जिभेवर आपली चूल हाय. जीभ थांबली की चूल विझली.” म्हणायची हसत, पण त्यात खोटं काही नव्हतं. आप्पांनाही ते ठाऊक होतं, आणि त्याचा त्यांना रग्गड अभिमान होता.

मी पुण्याच्या एका कारखान्यातली मोजमाप खात्यातली नोकरी सोडून नुकतीच घरी आले होते. का सोडली ती वेगळी रड आहे, ती इथे नको. येताना एक व्हर्नियर कॅलिपर आणि पुष्कळशी मतं घेऊन आले होते. व्हर्नियर म्हणजे जबड्यात वस्तू धरली की मिलिमीटरचाही बारका भाग सांगणारं पोलादी हत्यार. आप्पा त्याला ‘गिरिजाचा खेकडा’ म्हणत आणि तो खेकडा काउंटरवर दिसला की उचलून खणात टाकत.

मोहसीन सतारमेकर मिरजेचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवायचं काम. आता गिऱ्हाइकं लांबून येत, परदेशातूनही, आणि तंबोरा घेण्याआधी त्याचा आवाज ऐकवा म्हणत. मोहसीन माडीवरच्या खोलीत तंबोरा छेडून रेकॉर्ड करायचा, आणि कॉम्प्युटरचे पंखे मध्येच आपला सूर लावायचे.

“खर्जात घूं घूं येतंय, आप्पा,” आल्या आल्या त्यानं गाऱ्हाणं घातलं होतं. “एक गिऱ्हाईक विचारतंय, भोपळ्यात भुंगा राहिलाय काय? म्हणून पंखे कमी करून हे पाण्याचं बसवलं. तर आता नळीच दगा द्यायलीय.”

त्या सामानाबरोबर आलेली नळी दिसायला टुमदार, पण भिंतीला पातळ होती. टाकीतून निघून वर वळताना ती कोपऱ्यात मुडपायची, पाणी अडायचं आणि मशीन तापून बंद पडायचं. तेव्हा जाड भिंतीची नळी हवी, हे आम्हा तिघांनाही मान्य होतं. वाद होता तो आतल्या मापाचा.

ज्या चोचीवर नळी चढवायची ती चोच चार सुती होती. आमच्या धंद्यात अजून सुतातच बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. माझं म्हणणं सरळ होतं. चोच चार सुती, तर नळीही आतून चार सुती घ्यावी आणि वर क्लिप आवळावी.

आप्पांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. “मापाला माप घेतलंस की सगळा भार क्लिपवर. पाणी तापणार, नळी मऊ पडणार, क्लिप हाय तेवढीच राहणार. मग गळतंय. म्हणून अर्ध्या सुतानं कमी घ्यायची. साडेतीन सुती. गरम पाण्यात बुडवायची, चढवायची. गार झाली की ती आपली आपण आवळती. क्लिप नुसती कुंकवापुरती.”

“नेटवर पण असंच लिवलंय, आप्पा,” मोहसीन म्हणाला. “ह्या कॉम्प्युटरवाल्यांत दोन पार्ट्या हायत. एक म्हणतीय मापाचीच घ्या, दुसरी म्हणतीय थोडी बारीक घ्या आणि ताणून बसवा. अमेरिकेत बसून रोज भांडत्यात.”

“बघ!” आप्पांनी काउंटरवर थाप मारली. “अमेरिकेत पण आपला माणूस हाय.”

“पण आप्पा, ह्या टाकीची चोच प्लास्टिकची आहे,” मी म्हणाले. “पितळेवर ताण चालतो. हिला झेपेल का?”

“म्हशीच्या यंत्राला कसलं निपल असतंय? प्लास्टिकचंच की. फुटलं का कवा?”

ते प्लास्टिक चिवट असतं, हे काचेसारखं कडक दिसतंय, असं मी म्हणाले. मला तसं वाटत होतं, खात्री नव्हती. आणि नुसत्या वाटण्याला पेठेत भाव नसतो. मोहसीनही माझ्याकडे बघतच नव्हता, तो आप्पांच्या अंगठ्याकडे बघत होता. मी क्लिपा आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि तोंड मिटलं.

आप्पांनी नळी पाण्यातून काढली, फडक्यात धरली, किंचित पिळत एका दमात चोचीवर बसवली. मग दुसरं टोक, मग दुसरी नळी. कुठे झटापट नाही, हिसका नाही. पोळी तव्यावर टाकावी इतक्या सहज. माझा वाद असला तरी ते बघताना मी वाद विसरले, हे सांगितलं पाहिजे. शेवटी मी एकेक क्लिप आवळली. पाणी भरलं, पंप चालू केला, खाली कोरडा कागद पसरून दुपारभर तसंच ठेवलं. कागदावर एक थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी मिरजेहून फोन आला. “आप्पा, तंबोरा एकटाच वाजतोय!”

त्यानंतरचे काही दिवस आप्पा जमिनीवर नव्हते. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला कॉम्प्युटरची गोष्ट ऐकावी लागे. “कॉम्प्युटरला पाणी पाजलं बघा,” इथून सुरुवात व्हायची आणि “अमेरिकेत पण आपलंच चालतंय,” इथे शेवट. बायपासच्या शोरूमचा मालक एका लग्नात भेटला तर त्यालाही ऐकवली. आव्वा म्हणाली, “आता दुकानाची पाटी बदला की. होज, क्लिप आणि कॉम्प्युटर.” त्यावर आप्पा खरंच विचारात पडले होते.

मग एका सकाळी मोहसीन दारात उभा राहिला. हातात पिशवी होती. तो आत यायला वेळ लावत होता, त्यावरूनच मला कळलं.

त्या वेळी दुकानात कवठेपिरानचे रावसाहेब मगदूम बसले होते. जुनं गिऱ्हाईक. फवारणीच्या पंपाला नळी हवी होती, चहा यायची वाट बघत होते. मोहसीननं पिशवीतून टाकी काढून काउंटरवर ठेवली आणि तिच्या शेजारी कॉम्प्युटरच्या आतलं एक कार्ड ठेवलं. कार्डाच्या एका कोपऱ्यात काळा डाग पडला होता.

“रेकॉर्डिंग चालू असताना बंद पडला,” तो म्हणाला. “उघडून बघतोय तर खाली तळं. कार्ड गेलं, बोर्ड गेला. रेकॉर्डिंगं तेवढी वाचली.” आणि लगेच म्हणाला, “तुमचं काय न्हाई आप्पा. नशीब म्हणायचं.”

तो भांडायला आला असता तर फार बरं झालं असतं.

आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी टाकी उचलली, फिरवली, चोचीवर अजून अडकलेला नळीचा तुकडा ओढून बघितला. तो तसूभरही हलला नाही. त्यांना तेवढ्यात धीर आला असावा.

“नळी घट्ट हाय,” ते म्हणाले. मग क्लिप बोटानं चाचपली. “हितनं गळलं. क्लिपेला पीळ कमी पडलाय. गिरिजा, ही तू आवळलीस न्हवं?”

“हो, पण…”

“पोरीचा हात,” आप्पा मोहसीनला म्हणाले. “जोर कमी पडतोय. नवीन हाय, सांभाळून घे. कार्डाचं काय ते आपण बघू.” रावसाहेबांनी माझ्याकडे बघून समजूतदारपणे मान हलवली. ती मान मला आप्पांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागली.

आप्पा खोटं बोलत नव्हते, हे मी आज सांगू शकते. नळी गळू शकते हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. नळी सोडली तर उरते क्लिप, आणि क्लिप माझी. इतका साधा हिशोब होता तो. पण तेव्हा मला राग आला. पुण्याला ज्या गोष्टीसाठी नोकरी सोडली होती ती अशीच काहीशी होती. न केलेलं माझ्या नावावर टाकलं गेलं होतं आणि मी ते ऐकून घेतलं होतं. पुन्हा ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

मी खणातून खेकडा काढला.

“क्लिप ढिली नाही,” मी म्हणाले. “ढिली असती तर पाणी नळीच्या तोंडातून आलं असतं. हे बघा, क्लिपेखाली पाण्याचा डागसुद्धा नाही. पाणी आलंय चोचीच्या मुळातून.” टाकी उजेडात धरली. चोच जिथे टाकीला मिळते तिथे केसाएवढी चीर होती, अर्ध्या वेढ्याची. मोहसीननं वाकून बघितलं. रावसाहेब उठून आले.

मी शेजारची मोकळी चोच मोजली, मोठ्यानं सांगितली. बारा पूर्णांक सात. नळीच्या तुकड्याचं मोकळं तोंड मोजलं. अकरा पूर्णांक एक. “दीड मिलिमीटरहून जास्त ताण आहे. पितळ सोसतं. ही चोच कशी सोसेल? त्यात ती चढवताना दाबली, पिळली. आणि मग रोज तापायचं आणि गार व्हायचं.”

आप्पा म्हणाले, “आकडं कशाला सांगालीस? क्लिप…”

“दाखवते,” मी म्हणाले.

टाकीला तिसरी चोच होती, पाणी भरायची. बूच लावलेली, कधी न वापरलेली. मी मोहसीनला विचारलं, “ही टाकी आता टाकूनच द्यायची ना?” तो हो म्हणाला. आतल्या शेगडीवर पाणी तापवलं. साडेतीन सुती नळीचा तुकडा कापून बुडवला. फडक्यात धरून तो त्या नव्याकोऱ्या चोचीवर पिळत चढवला, अगदी आप्पा चढवत तसाच. त्यांच्याच हाताखाली शिकलेली होते, मला जमायचंच.

टिक्.

एवढासा आवाज. मोहसीन सुरांतला माणूस, त्याची मान सगळ्यांच्या आधी वळली. मी टाकीत पाणी ओतलं. नव्या चोचीच्या मुळाशी एक थेंब जमला, लोंबला, काउंटरवर पडला. मग दुसरा.

चहावाला आला, कप ठेवून गेला.

आप्पांनी टाकी हातात घेतली. डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. अंगठ्याचं नख त्या चिरेवरून हळूहळू फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग टाकी खाली ठेवली, काउंटरच्या बाहेर आले आणि अर्ध्या वयाच्या मोहसीनपुढे त्यांनी हात जोडले.

“चूक माझी हाय. पोरीची न्हाई.”

मोहसीननं झटकन त्यांचे दोन्ही हात धरले. “आप्पा, असं करू नका, पाप लागंल मला. तुम्ही वडिलांच्या जागी. ह्या टाकीचं प्लास्टिकच नाजूक, त्याला तुम्ही काय करणार?”

“ती सांगत हुती,” आप्पा म्हणाले. “दोनदा सांगितलं तिनं. मी ऐकलं न्हाई.”

रावसाहेब रस्त्याकडे बघत उभे होते. मग म्हणाले, “येतो उद्या,” आणि चहा न घेताच गेले. मी व्हर्नियर पुसून डबीत ठेवला. माझ्यावरचा आळ पुरता धुऊन निघाला होता. तो आकड्यांवरच धुतला गेला होता, चोच फोडायची काही गरज नव्हती, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मोहसीन पिशवी उचलून पायऱ्या उतरत होता.

रावसाहेब सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आले. नेहमीचा पंप, नेहमीची नळी. आप्पांनी डोळे झाकूनही दिली असती. “कुठली नेऊ, आप्पा?”

आप्पांनी वेटोळं उचललं. सवयीनं अंगठा तोंडात घातला. काढला. वेटोळं परत खुंटीवर अडकवलं आणि म्हणाले, “गिरिजाला विचारा.”

मला वाटलं, रुसलेत. दोन दिवसांत निवळतील. पण दोन दिवसांनीही तेच, महिन्यानंतरही तेच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. उलट अदबीनं सांगायचे, “तिला विचारा, ती मोजून देती.” लोकांना वाटलं, म्हातारा कौतुकानं लेकीच्या हाती कारभार सोपवतोय. येणारा प्रत्येक जण मला म्हणे, नशीबवान आहेस गं, नाहीतर कुठला बाप असा बाजूला होतो? मी मोजून देत होते. चूक होत नव्हती. गिऱ्हाईक तुटलं नाही, वाढलंच. चूलही विझली नाही. विझली असती तर निदान कुणीतरी माझ्यावर ओरडलं असतं.

मोहसीनचं कार्ड आणि बोर्ड आप्पांनी भरून दिलं, तो नको नको म्हणत असताना. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. त्याच्याकडे जाताना कधी वांगी न्यायचे, कधी आव्वानं केलेल्या शेंगांच्या पोळ्या. जाऊन बसायचे, तो काम करत असेल ते बघायचे, आणि निघताना दर खेपेला विचारायचे, “तुझं काम आडलं न्हवं माझ्यापायी?” मोहसीन मला फोनवर म्हणाला, “दीदी, आप्पांना समजवा. मी कवाच इसरलोय. ते दारात दिसले की मलाच गुन्हा केल्यागत वाटतंय.”

मी एकदा प्रयत्न केला. जेवताना म्हणाले, “आप्पा, माझं म्हणणं एवढंच होतं की क्लिप ढिली नव्हती.”

“बरोबरच हुतं तुझं,” ते म्हणाले आणि आव्वाकडे बघून भाकरी मागितली.

आव्वानं भाकरी वाढली. ते हात धुवायला गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, “तुझं चुकलं असं कोण म्हणतंय? पर बाई, खरं बोलून झाल्यावर थांबायचं असतंय.” तिला त्या तिसऱ्या चोचीचं कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. मी ताटावरून तशीच उठले. त्या दिवसापासून तो ‘टिक्’ माझ्या कानात बसला आहे. आज दुकान माझ्या नावावर आहे, पेठेत माझ्या मापाला मान आहे, आणि एखादा नवा माणूस “बाई, कुठली नेऊ?” म्हणून विचारतो तेव्हा मला क्षणभर चोरी करताना सापडल्यासारखं होतं.

मोहसीननं नवा कॉम्प्युटर जुळवायला घेतला तेव्हा मला एक वाट दिसली. मी त्याला टाकी निवडून दिली, पितळी चोचींची. तिच्यावर आप्पांचीच पद्धत बरोबर होती. मापाला माप घेण्यापेक्षा सरस होती. मोहसीनला बजावलं, “आप्पांनाच बोलव. माझं नाव घेऊ नकोस.” तो तयारच होता. स्वतः दुकानात आला, आप्पांच्या समोर बसला आणि म्हणाला, “नळी तुमच्याच हातची पाहिजे. न्हाईतर पंखेच बसवतो आणि भुंगा वाजू दे.”

आप्पा खूप वेळ नाही नाही म्हणाले. मग म्हणाले, “गिरिजा येणार असंल तर येतो.”

मिरजेला त्याच्या माडीवर आम्ही पोचलो तेव्हा दिवस चांगला वर आला होता. भिंतीला ओळीनं तंबोरे टेकवलेले, काही बिनतारांचे, काहींचं पॉलिश अजून ओलं. मध्ये सतरंजीवर कॉम्प्युटर. मोहसीननं गरम पाणी आणून ठेवलं. मी पिशवीतून नळी काढली. मुद्दाम एकच आणली होती.

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. “चार सुती आणली न्हाईस?”

“चोच पितळेची आहे, आप्पा. इथे साडेतीनच पाहिजे. तुमचंच बरोबर आहे.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते काउंटरवर मारायचे तशी थाप मारतील. पण माझ्या ‘तुमचंच’मध्ये काय होतं ते त्यांना ऐकू गेलं होतं. लहान मुलाला मुद्दाम जिंकू द्यावं तसं मी करत होते, आणि ते काही लहान नव्हते.

“खेकडा आणलाईस?” त्यांनी विचारलं.

मी नव्हते आणणार. सवयीनं पिशवीत राहिला होता. त्यांनी तो घेतला, जबड्यात चोच धरली, चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. पट्टीवरच्या बारीक रेघांवर त्यांची नजर ठरेना. आयुष्यात त्यांनी तो कधी वाचला नव्हता, वाचायची गरजच पडली नव्हती. त्यांनी तो तसाच धरून माझ्यापुढे केला.

“किती?”

“बारा पूर्णांक सात.”

“चालंल?”

“चालेल, आप्पा.”

“बग हां. पोराचं परत नुकसान नको.”

त्यांनी नळीचं टोक पाण्यात बुडवलं. डोळे मिटले नाहीत. पाण्याकडे बघत राहिले. मी मनात म्हणत होते, आता काढा, आता. ते काढेनात. काढलं तेव्हा टोक शिजून लिबलिबीत झालं होतं. ते चोचीवर न चढता दुमडलं. त्यांनी दुसरं टोक कापलं, बुडवलं, लगेच काढलं, आता ते कडक होतं. चोचीला टेकवलं आणि जोर द्यायच्या जागी त्यांचे हात थांबले. ऐकत असल्यासारखी मान तिरकी झाली. कसला आवाज येईल म्हणून थांबलेत, हे मला कळलं, मोहसीनलाही कळलं. मोहसीननं नजर दुसरीकडे वळवली.

“तूच चढव,” आप्पा म्हणाले. “मी क्लिपा आवळतो.”

मी चढवली. सगळ्या नळ्या मीच चढवल्या, त्यांनी शिकवल्या तशा, अर्ध्या सुतानं कमी, एका दमात. त्यांनी माझ्यामागून एकेक क्लिप लावली. कॉम्प्युटर सुरू झाला आणि इतका शांत होता की मोहसीनला दिवा लागलाय का ते वाकून बघावं लागलं. मग त्यानं भिंतीजवळचा एक मोठा तंबोरा उचलला, मांडीवर घेतला, माइक पुढे ओढला आणि पहिली तार छेडली.

असा आवाज मी आधी ऐकला नव्हता, पुढेही फारसा नाही. तार वाजून गेल्यावर तिच्यामागून आणखी काहीतरी उमलत राहायचं आणि सगळी खोली त्यानं भरून जायची. जिन्यात मोहसीनची आई येऊन उभी राहिली. खाली रंधा मारणारा कारागीर थांबला.

“आप्पा, ऐका की,” तारा छेडता छेडता मोहसीन म्हणाला. “एकटाच वाजतोय.”

“तू वाजव,” आप्पा म्हणाले.

ते ऐकत नव्हते. सतरंजीवर पालथे होऊन त्यांनी हात कॉम्प्युटरच्या आत घातला होता आणि बोट टाकीच्या चोचीखाली धरलं होतं. तंबोरा वाजत होता तोवर ते तसेच राहिले. मग बोट बाहेर काढलं, उजेडाकडे नेलं, दुसऱ्या बोटानं चोळून पाहिलं. त्यांचं समाधान झालं नाही. ते सरकत माझ्याजवळ आले आणि त्यांनी तो हात माझ्यापुढे धरला.

“बघ गं,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुला ओलं लागतंय काय?”

मी त्यांचं बोट माझ्या मुठीत घेतलं. ठणठणीत कोरडं होतं.

“नाही, आप्पा.”

“नक्की?”